आधी लॉगिन, मग समोसा

नोकरी सोडणाऱ्याने निरोपाचा समोसा तोंडात घालायच्या आत सुरेखाताई त्याचं लॉगिन बंद करून टाकत. घरसामान हलवणारी आमची कंपनी कळंबोलीत. ग्राहकांची सगळी माहिती इंटरनेटवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याच्या अ‍ॅडमिन सुरेखाताई. मी त्यांच्या हाताखाली. "भाडेकरू जाताना चावी मागतेस ना? मग ह्याची का नको?" त्या विचारत. ऑफिसात म्हणायचे, बोनकोडे गावची ही बाई माणुसकी ठेवत नाही.

सकाळी चहाबरोबर त्या लॉगिनची यादी वाचत. "काल कोन आत आला, कुठनं आला, बगायचं. धा जनांचा पासवर्ड एकच असला तर चोर कोन, कसं समजनार?"

आमच्याकडे घाणेरडी सवय होती. माणूस जायचा, त्याचं नाव राहायचं. त्या खुर्चीवरचा नवा माणूस जुन्याच्याच लॉगिनने काम करायचा. विक्रीतल्या महेशने नोकरी सोडली, तेव्हा ताईंनी त्याचं लॉगिन बंद केलं. त्या दोन दिवस रजेवर गेल्या आणि कंपनीच्या मालकांनी, शेठनी, ते नव्या माणसासाठी स्वतःच परत चालू केलं. पासवर्ड तोच. फोनवर येणारा दुसरा कोडही 'कटकट' म्हणून काढून टाकला. "काम थांबतं हो. टेन्शन कशाला घेता?"

रजेवरून आल्या दिवशी ताईंनी यादी वाचली आणि कप खाली ठेवला. रविवारी, ऑफिस बंद असताना, महेशच्या नावाने कुणीतरी बाहेरून आत आलं होतं. उघडलेली नोंद एकच: मारहाणीला कंटाळून नवऱ्यापासून लपून खारघरला गेलेल्या बाईची. सामान आम्हीच हलवलं होतं. नवा पत्ता त्यात होता.

ताईंनी महेशला फोन केला. "मित्राने विचारलं, दिला," तो म्हणाला. "त्याचीच बायको आहे ना?"

एखादीचा पत्ता म्हणजे तिचा जीव असतो, हे आज मी माहिती जपण्याविषयीच्या पत्रकांत छापते; त्या दिवशी मी ताईंच्या मागोमाग शेठच्या केबिनमध्ये गेले.

शेठ म्हणाले, "ग्राहकाला कळवायचं नाही. कंपनीचं नाव जाईल."

ताईंनी त्यांच्यासमोरच फोन लावला. "बाय, चूक आमची हाय. तुझा पत्ता फुटलाय. आत्ता घर सोड, मी येते."

संध्याकाळी नवरा पोचला तेव्हा दाराला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी ताईंची नोकरी गेली. समोसे कुणी आणले नाहीत.

जाताना त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "माझं नाव बंद कर. माझ्यादेखत."

"ताई, तुमचं कशाला?"

"उद्यापासनं मी बाहेरचीच ना गं."

मी बंद केलं. शेठचं चालूच होतं. आठवड्याने मीही राजीनामा दिला. माझं लॉगिन बंद करणारं तिथे कुणी उरलं नव्हतं.