आखाडात आलेला हवालदार

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि सुनंदाला सांगितलं नाही म्हणजे जगात कुणालाच नाही, कारण एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. साहेब ओरडला, पोट बिघडलं, कुणाशी वाजलं, सगळं तिला जेवायच्या आत कळतं. ही एकच गोष्ट नऊ वर्षं आत राहिली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या घरी येणार नाही, माझ्या भावाला भेटणार नाही, म्हणून असेल. धीट माणसाचं हे काम नव्हे, एवढं आधीच धरून चाला.

सरळ मुद्द्यावर यायला हवं, पण — थोडं घराविषयी सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढंसं तर बोलला, त्यात काय?

आम्ही मूळचे बार्शीकडचे. वडील लवकर गेले. मी आयटीआय करून चाकणला एका कंपनीत लागलो आणि आईला आणि धाकट्या नितीनला मोशीला घेऊन आलो. नितीन माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. हुशार. डिप्लोमा झाला, डिग्री झाली, आणि एक दिवस तो जर्मनीला नोकरीला गेला. आई सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटली. मीही पेढे वाटले. आनंद झाला का? झाला. खरंच झाला. पण त्या आनंदाच्या खाली काहीतरी टोचत होतं, आणि मी तिकडे बघत नव्हतो.

त्याच्या तीन-चार वर्षं आधी आमच्या कंपनीतून चार जणांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीला पाठवायचं ठरलं होतं. यादीत माझं नाव होतं. मी पासपोर्ट काढला, एक जाडजूड स्वेटर घेतला, सुनंदाला दहादा घालून दाखवला. मग तिकडची ऑर्डर रद्द झाली आणि कुणीच गेलं नाही. पासपोर्ट कोराच राहिला. स्वेटर नितीन घेऊन गेला — "दादा, तुला इथं काय लागणारे तो?" असं सहज म्हणून. त्याचं काही चुकलं नाही. इथं चाकणमध्ये स्वेटर घालून मी काय करणार होतो?

मग त्याचं लग्न झालं. दिघीची मुलगी, प्राजक्ता. लग्न थंडीत झालं आणि अठराव्या दिवशी नितीन विमानात बसला. तिला तिकडे न्यायचं तर बायकोचा व्हिसा लागतो, आणि त्या व्हिसाला काय काय लागतं हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. लग्नाचा दाखला, त्याच्यावर मुंबईहून शिक्का, त्याचं भाषांतर. आधारवर नवं नाव, नवा पत्ता. जर्मन भाषेची पहिली परीक्षा, आणि तिचं सर्टिफिकेट वर्षाच्या आतलंच हवं. आणि सगळ्यात आधी तिचा पासपोर्ट, कारण तो हातात असल्याशिवाय मुलाखतीच्या रांगेत नावच लागत नाही. पळापळ कोण करणार? मीच. रजा टाकल्या, फॉर्म माझ्या अक्षरात भरले, मोबाइल नंबरही माझाच दिला. "थोरला दीर असावा तर असा," असं तिचे वडील पाहुण्यांत सांगायचे. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

आणि त्याच वेळी मी आतून जळत होतो.

प्राजक्ता चिंचवडला जर्मनच्या क्लासला जायची. घरी आली की पुस्तक घेऊन बसायची. भांडी घासायला उठली तर आई म्हणायची, "तू बस गं, तुझी परीक्षा हाय. सुनंदा करंल." सुनंदा करायची. मी थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी यायचो तर ही ओट्याशी चहा गाळता गाळता म्हणायची, "गूटन मॉर्गन, दादा!" हसून म्हणायची. शिष्ट असती तर बरं झालं असतं हो, मला राग तरी धरता आला असता. ती नीट वागायची. माझा डबा विसरला तर जिन्यातून पळत खाली यायची. अशा माणसाचा हेवा करायचा म्हणजे किती त्रास, विचार करा.

एका दुपारी मी सेकंड शिफ्टला निघालो होतो, बूट घालत होतो. प्राजक्ता सुनंदाला फोनवर नितीनच्या घराचे फोटो दाखवत होती — गॅलरी, समोर झाडं, स्वच्छ रस्ता. सुनंदानं ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "नशीब लागतं बाई." एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मला ते असं लागलं! म्हणजे हिचं नशीब फुटलं, आणि ते मी फोडलं? मोशीपासून चाकणपर्यंत गाडीवर मी तेच घोळवत गेलो. त्या दिवशी मशीनवर माझे दोन पार्ट बाद झाले.

मग आषाढ लागला. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नव्या सुनेनं सासूचं तोंड पाहायचं नाही, म्हणून तिला महिनाभर माहेरी धाडतात. आईनं प्राजक्ताला दिघीला पाठवली. दिघी काय लांब आहे? गाडीवर वीस मिनिटं. पण रीत ती रीत. जाताना प्राजक्ता मला म्हणाली, "दादा, पासपोर्टचे पोलीस आले तर लगेच फोन करा हां. मी येते. आईंकडे बघणार नाही, डोळे मिटून येते!" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

आठ-दहा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, हवालदार आला.

घरात मी एकटा. सुनंदा आईला डोळे तपासायला भोसरीला घेऊन गेली होती. हवालदार पन्नाशीचा, घामाघूम झालेला, भला माणूस. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आलं घालून चहा केला. त्यानं कागद काढले आणि विचारलं, "या प्राजक्ताबाई इथंच राहतात ना? बोलवा जरा."

मी म्हणालो, "त्या इथं नाहीत."

"मग कुठंयत?"

"माहेरी असतात."

खरंच होतं की नाही? शब्द न् शब्द खरा. त्यानं फाइल उलटून पाहिली. "लग्नाला सहा महिने झालेत फक्त. मग माहेरी कशा?"

इथं मला एकच शब्द बोलायचा होता. आखाड. बस्स. तो मराठी माणूस, त्याच्या घरीही सून असेल. तो हसला असता, "अरे हो की!" म्हणाला असता. मी फोन केला असता, वीस मिनिटांत प्राजक्ता दारात आली असती. सासूही घरी नव्हती. सगळं कसं जुळून आलं होतं बघा. तो शब्द माझ्या तोंडात आला होता — आठवत नव्हता, सुचला नाही, असलं काही सांगणार नाही मी. तो आला, आणि मी तो गिळला. आणि खाली मान घालून म्हणालो,

"आता घरातलं काय सांगायचं, साहेब."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याला माझीच कीव आली. "परत येतील असं वाटतं का?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

मी खांदे उडवले.

"आजकाल घरोघरी हेच चाललंय राव," तो म्हणाला. समोरच्या फ्लॅटला कुलूप होतं, तिथले नवराबायको दोघं कंपनीत. "थोरल्या भावानंच सांगितल्यावर शेजाऱ्यांना काय विचारायचं," असं म्हणून त्यानं त्या इथं राहत नाहीत असं लिहून घेतलं, चहा संपवला आणि गेला. मी कपबशी विसळून ठेवली. सुनंदाला कुणी आल्याचं कळू नये म्हणून पुसून फडताळात ठेवली. म्हणजे बघा, मी चांगला भानावर होतो.

श्रावण लागला, प्राजक्ता परत आली. दारातच तिनं विचारलं, "दादा, पोलीस आले होते का?" मी म्हणालो, "नाही अजून." हे मात्र धडधडीत खोटं. मेसेज माझ्याच फोनवर येऊन पडला होता, चौकशीत अडचण आहे, कार्यालयात भेटा. तो मी पंधरा दिवस दाबून ठेवला. मग एके दिवशी आत्ताच आल्यासारखा वाचून दाखवला.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. मीच तर्क काढला, घरी कुणी नसताना पोलीस येऊन गेले असतील, शेजारीपाजारी कुणी काही सांगितलं असेल. आईनं कपाळाला हात लावला. "माझ्या आखाडानं घात केला," ती म्हणाली. मी काय म्हणालो असेन? "जाऊ दे आई, तुला काय माहीत." असं म्हणालो मी.

मग पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी. पोलीस ठाण्यात मीच गेलो. त्या हवालदाराची बदली झाली आहे हे कळल्यावर मला केवढं हायसं वाटलं! पासपोर्ट यायला मार्च उजाडला. तोवर जर्मनच्या सर्टिफिकेटला वर्ष होत आलं, आणि मुलाखतीची रांग एवढी वाढली की ते बादच झालं. पहिल्या फटक्यात पास झालेली प्राजक्ता दुसऱ्यांदा नापास झाली. क्लास तोच, पुस्तक तेच, तिचं लक्ष लागत नव्हतं. तिच्या नात्यात कुजबुज सुरू झाली की नवऱ्यानं टाकली. ती लग्नाकार्यांना जाईनाशी झाली. फोनवर नितीनला म्हणायची, "तुम्हालाच मला न्यायचं नाही." पातळ भिंती आमच्या, सगळं ऐकू यायचं. मग दोन महिने त्यांचं बोलणंच बंद झालं. नितीन मला फोन करायचा. "दादा, तूच समजाव रे तिला. तुझं ऐकते ती."

त्या दोन महिन्यांत मला बरं वाटत होतं. लिहिताना हात अडतो, पण वाटत होतं. तो तिकडे एकटा, ती इकडे रडतेय, आणि मी दोघांचा आधार. सगळ्यांत सुखी कोण? मी आणि सुनंदा. संध्याकाळी आम्ही दोघं गाडीवर फिरायला जायचो, आणि प्राजक्ता गॅलरीतून बघायची.

एका रविवारी तिचे वडील आले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "पोरीचं काही चुकलं का? जावयबापूंच्या मनात नसेल तर स्पष्ट सांगा. आम्ही तिला घेऊन जातो." प्राजक्ता आतल्या खोलीत होती. तिचं लग्न त्या एका वाक्यावर मोडणार होतं. मला कळत होतं ते.

आई उठली. मुलाची आई व्याह्यापुढं हात जोडत नाही आमच्यात. तिनं जोडले. "न्हाई हो पाव्हणं. पोरगी सोन्यावानी हाय, नितीनबी तसला न्हाई. खूळ माझं. आमी तिला आखाडाला धाडली नसती तर पोलिसाला घरातच घावली असती. समदं माझ्यामुळं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खरं का म्हणून. मी मान डोलावली.

ते निवळले. प्राजक्ता राहिली. तिसऱ्यांदा परीक्षा दिली, पास झाली, मुलाखत झाली. आखाडात तो माणूस आला नसता — चुकलो, मी असा बोललो नसतो — तर जेव्हा गेली असती, त्याच्या दीड वर्षानंतर ती गेली. विमानतळावर मलाच वाकून नमस्कार केला. आता त्यांना एक मुलगी आहे. आणि माझा हेवा गेला का? गेला असं सांगायला आवडलं असतं. अजून त्यांचे फोटो आले की मी ते बोटांनी मोठे करून बघतो. फ्रिज केवढा आहे, सोफा कसला आहे. मग सुनंदानं काही म्हणायच्या आत फोन खिशात टाकतो.

आई चार वर्षांपूर्वी गेली. तोवर बिल्डिंगमध्ये कुणाकडे नवी सून आली की ती मुद्दाम जाऊन सांगायची, आखाडबिखाड काही पाळू नका. शेवटच्या आठवड्यात ती दवाखान्यात होती. नितीनला रजा मिळत नव्हती. एका दुपारी म्हणाली, त्यांना फोन लाव, तोंड दिसतं तसला. मी लावला. नितीन कामावर होता, प्राजक्ता समोर आली. आईला धाप लागत होती, पण ती म्हणाली, "प्राजू, माझ्या आखाडापायी तुमचं दीड वरीस गेलं बघ. मनात ठिवू नगंस." प्राजक्ता रडायला लागली. "आई, असं काय बोलता," एवढंच म्हणत राहिली. आईच्या हातात फोन धरायचं बळ नव्हतं, म्हणून तो मी धरला होता. तुमचा चेहरा नीट दिसत नाही, असं प्राजक्ता आईला म्हणाली, तेव्हा मी फोन जरा जवळ नेला, आणि आईचं माफी मागणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.