पहिलं सापडेल ते नाव

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. भिंतीवरचा मोठा पडदा तिच्या ताब्यात होता. दवाखान्यांचे सर्व्हर सांभाळणं हे त्या ऑफिसचं काम. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, रुग्णांच्या नोंदी, सगळं त्या सर्व्हरवर चालायचं, आणि कुठं काही बिघडलं की इशाऱ्याचा संदेश यायचा. जागा संपली, ताण वाढला, उत्तर नाही. पूर्वी हे संदेश माणसं वाचत. वाचून वाचून डोळे बधिर होत, आणि खरोखर आजारी असलेला सर्व्हर त्या गर्दीत हाका मारत राही.

ताईनं त्यावर उपाय शोधला. सर्व्हरच्या नावांना एक ठरलेला आकार होता: तीन इंग्रजी अक्षरं, मग आडवी रेघ, मग दोन आकडे. त्या आकाराचं वर्णन तिनं एका ओळीत लिहिलं. खुणांची, कंसांची, बाहेरच्या माणसाला गिचमिड वाटावी अशी ओळ. ऑफिसात त्या ओळीला पॅटर्न म्हणत. पॅटर्न प्रत्येक संदेशात शिरायचा, त्या आकारात बसणारं पहिलं नाव उचलायचा आणि बाकीचं वाक्य टाकून द्यायचा. नाव पडद्यावर लाल व्हायचं आणि तो सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. बहुतेक दुखणी तेवढ्यानं जायची. खोलीत शांतता आली. त्या शांततेबद्दल ताईचं कौतुक झालं, आणि तिलाही ती शांतता आवडली. पुसलेल्या ओट्यासारखी.

घरीही तिला लांबण सोसत नसे. सासूबाई सुरुवात करायच्या, "अगं, ती समोरची सांगत होती, तिच्या जावेच्या माहेरी म्हणे..."

"आई, कोण पडलंय ते आधी सांगा."

"पडलं कुठं कोण? लग्न ठरलंय."

"मग ठीक आहे," म्हणून ती उठायची. नवरा हसायचा. "आई, हिला नुसतं नाव सांगत जा. गोष्ट मला सांग."

मागच्या खोलीत आबा बसायचे. ती खोली यंत्रांसाठी थंड ठेवलेली, म्हणून आबा बारा महिने स्वेटर आणि कानटोपीत. पहारा करणारे सर्व्हर त्यांच्याकडे होते. त्यांतला मॉन-०३ सर्वांत जुना, आबांनी स्वतःच्या हातानं जोडलेला. हे यंत्र स्वतः काही काम करत नाही. दिवसभर आपल्या वाट्याच्या सर्व्हरांना विचारत असतं, आहेस का, आहेस का. ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्याच्याबद्दल ते कळवतं. मेलेला सर्व्हर आपण मेलो हे सांगू शकत नाही, म्हणून अलीकडे अशा जुन्या यंत्रांना पहारेकरी नेमलं होतं.

आबा कंत्राटावर होते. घरी बायको अंथरुणाला खिळलेली. तिचे उपचार ज्या दवाखान्यात चालले होते, तिथली सोय या नोकरीमुळेच मिळालेली. नोकरी गेली की ती सोय गेली, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी मात्र ते कधी बोलून दाखवलं नाही. ते फक्त यंत्रांबद्दल बोलायचे.

आणि मॉन-०३ रोज लाल व्हायला लागला.

सकाळी लाल, दुपारी लाल. आपोआप बंद व्हायचा, सुरू व्हायचा, तासाभरानं पुन्हा लाल. शेवटी साहेबांनी सगळ्यांसमोर विषय काढला.

"आबा, तुमचं यंत्र म्हातारं झालं."

"यंत्र ठणठणीत आहे, साहेब."

"पडदा तर वेगळं सांगतोय."

"पडद्याला काय, रंग लावाल तसा दिसतो."

सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांचं ठरलेलं होतं. सोमवारी नवीन यंत्र येणार, आणि ते सांभाळायला ते विकणाऱ्या कंपनीचीच माणसं येणार. म्हणजे आबा नाहीत. हे शेवटचं त्यांनी खिडकीकडं बघत सांगितलं. मग ताईकडं वळले. "ताई, तुमचं काय मत?"

"पडद्यावर आहे ते आहे," ताई म्हणाली.

बैठकीनंतर आबा तिच्या टेबलाशी आले. "पोरी, एकदा येऊन बघ तरी. ते बोललं की कुणीतरी त्याला झोपवतं. आजारी नाही ते."

"बघते, आबा," ती म्हणाली, आणि पुढच्या कामाला लागली.

शुक्रवारी तिला जावंच लागलं. यंत्र काढण्याआधी त्याचं शेवटचं काम नीट मिटवायचं होतं. थंड खोलीत आबा पाठमोरे उभे राहून तारांच्या चिठ्ठ्या सोडवत होते. मॉन-०३ च्या छोट्या पडद्यावर त्यानं स्वतः पाठवलेले संदेश होते, न कापलेले, पूर्ण. असे संदेश तिनं कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. पाहायची गरजच तिनं काढून टाकली होती.

मॉन-०३ कळवतो: लॅब-११ कडून उत्तर नाही.

खाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा तेच. ती वाचत असतानाच पडदा काळा झाला. पंखे थांबले. मग यंत्र पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं, मारून उठवलेल्या माणसासारखं, कशासाठी हाक मारत होतो हे विसरून. बाहेर भिंतीवरचा लाल ठिपका विझला असणार, आणि कुणीतरी म्हणालं असणार, सुटला प्रश्न.

"बघ," आबा न वळता म्हणाले. "असंच करतात. वरून कुठून तरी होतं."

कुठून होतं ते तिला कळलं होतं. पूर्वी प्रत्येक सर्व्हर स्वतःबद्दल बोलायचा, वाक्याची सुरुवात त्याच्याच नावानं व्हायची. पहारेकरी आले तेव्हा वाक्य बदललं. आधी सांगणाऱ्याचं नाव, मग दुखणाऱ्याचं. पॅटर्न मात्र पहिलं सापडेल ते नाव घेऊन परतत राहिला. त्याला नाव सापडलंच नसतं तर कुणाचं तरी लक्ष गेलं असतं. त्याला रोज सापडत होतं.

टेबलाशी येऊन तिनं ती ओळ बदलली. "कळवतो" हा शब्द असेल तर त्याच्या पुढचं नाव घे, नसेल तर पहिलं. साठवलेले सगळे जुने संदेश तिनं नव्या ओळीतून सोडले. मॉन-०३ जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी लॅब-११ उमटत गेला, अंगावर पुरळ उठावं तसा, दिवसामागून दिवस. रक्ताच्या तपासण्यांचा सर्व्हर. दवाखान्यांतून रिपोर्ट उशिरा मिळतात म्हणून फोन यायचे, आणि प्रत्येक वेळी इथून सांगितलं जायचं की पहाऱ्याचं यंत्र जुनं आहे, बदलतोय.

तिनं साहेबांना बोलावून ते दाखवलं. "म्हणजे आपण इतके दिवस..."

"आपण नाही. पॅटर्न माझा आहे."

"वर काय सांगू? नवीन यंत्राची ऑर्डर गेलीय, ताई."

"ते लॅब-११ च्या जागी लावा. तिथं हवंच आहे."

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. मग दार लोटून घेऊन फोन लावला. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर सुटका होती आणि थोडा राग. "आबांना राहू दे म्हणालेत. तूर्त. सांगा तुम्हीच."

आबांनी हत्यारं फडक्यात बांधली होती. ताईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पॅटर्न, वाक्य, लॅब-११. नोकरी राहिली हे तिनं आधी सांगायला हवं होतं, ते सगळ्यांत शेवटी सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि फडक्याची गाठ तशीच हातात धरून ठेवली.

"म्हणजे तिकडं माणसं रिपोर्टची वाट बघत होती."

"हो."

"आणि हे इथून ओरडून सांगत होतं."

"हो."

"आणि तू त्याचं तोंड दाबत होतीस."

"मला माहीत नव्हतं, आबा."

"मी सांगितलं होतं. साहेबाला सोड, त्याला यातलं कळत नाही. तुला सांगितलं होतं."

'कामात होते' हे खरं होतं, आणि ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. आबांनी गाठ सोडली, एक एक हत्यार जागेवर लावलं, आणि सोडवलेल्या तारांना पुन्हा चिठ्ठ्या बांधायला बसले.

नवीन यंत्र लॅब-११ च्या जागी लागलं. दवाखान्यांचे फोन कमी झाले. पडद्यावर आता ज्याचं दुखतं त्याचं नाव येतं. ताई मधूनमधून पॅटर्न बाजूला ठेवून संदेश पूर्ण वाचते. वेळ जातो, साहेब काही बोलत नाहीत.

परवा आबा बाहेर आले. कानटोपी काढून हातात धरली होती, साहेबांसमोर उभे राहताना धरतात तशी.

"मॅडम, मॉन-०१ चे पंखे साफ करायचेत. तुम्ही म्हणाल तेव्हा बंद करतो."

"करा की, आबा. मला कशाला विचारता? बसा ना जरा."

"नको. लेखी दिलंत तर बरं होईल."

तिनं लिहून दिलं. आबांनी तो कागद उभ्यानंच वाचला, वरपासून खालपर्यंत, घडी करून खिशात घातला आणि आत गेले. मागचं दार त्यांनी हळूच ओढून घेतलं, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.