कांडीला बांधलेला लाल धागा

पुष्पाबाईची नि माझी ओळख भांडणातून झाली. साकोलीच्या बसस्टँडवर मी मोर्चाची पत्रकं वाटत होतो. तिनं एक उभ्या उभ्या वाचलं नि म्हणाली, "भाऊ, कागद जाड आहे, पण मजकूर लय पातळ आहे." मला असं कोणी बोललेलं खपत नाही. आठवडाभर धुमसलो. मग पुढचं पत्रक छापायच्या आधी तिलाच दाखवायला गेलो.

ही बाई आधी मांडीवर कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा कातायची. आता कोसा उत्पादकांच्या सोसायटीत अंडी सांभाळते. कोशातून पाखरं, म्हणजे पतंग, निघतात, ती अंडी घालतात. पुष्पाबाई रोगट अंडी वेगळी काढते, चांगली ऊबदार खोलीत ठेवते. अळ्या निघायच्या सुमारास उत्पादक येतात आणि जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर त्या सोडायला घेऊन जातात. खोलीचं तापमान सत्ताविसाच्या आसपास राहायला पाहिजे. त्यासाठी भिंतीवर डिजिटल थर्मामीटर आहे. त्याच्या वायरीला पेनाएवढी स्टीलची कांडी आहे, ती खोलीच्या मधोमध लटकते.

यंदा दसऱ्यानंतरची अंडी सुकून गेली. अळ्या न्यायला आलेल्या उत्पादकांपैकी म्हाताऱ्या डोमानं दारातच तोंड सोडलं, "मशीन सत्तावीस दाखवून राहिली, मंग अंडी काहून सुकली? बाई झोपली असन!" सोसायटीचा अध्यक्ष धनंजय म्हणाला, येत्या मीटिंगमध्ये बाईला ठेवायचं की काढायचं ते ठरवू.

ती माझ्याकडे आली. "भाऊ, मी झोपली नाही. बाकी काय झालं ते मले समजून नाही राहिलं."

मला लगेच समजलं! मी कॉलेज पाहिलं नाही, पण खरेदी कशी होते ते पाहिलं आहे. मशीन बोगस, कमिशन खाल्लेलं. त्याच दिवशी विकणाऱ्याविरुद्ध पत्रकं छापून घेतली आणि मगच खोलीत गेलो. सेल बदलले. आकडा तोच. कॉलेजातल्या ओळखीच्या माणसाकडून पाऱ्याचं थर्मामीटर आणून शेजारी टांगलं. पारा तेहतीस, मशीन सत्तावीस.

"सापडला चोर!" मी ओरडलो.

"थांबा ना भाऊ," पुष्पाबाई म्हणाली. "ट्रेनिंगमंधी सांगतलं होतं, बर्फात घालून पाहा लागते."

रसवंतीवरून बर्फ आणला. ठेचला, थोडं पाणी घातलं, दोन्ही त्यात बुडवली. पारा शून्यावर. मशीनही शून्यावर! माझं तोंड उतरलं. खोटं बोलणारी मशीन बर्फात खरं कशी बोलते?

"माणसासारखीच हाये," ओसरीवरून डोमा म्हणाला. "घरी एक, बाहीर एक."

पुष्पाबाईनं कांडी परत जागेवर टांगली. आकडा चढत चढत गेला आणि सत्ताविसावर थांबला. ती बघत राहिली. मग हळूच कांडीला हात लावला.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. तिनंही कांडीला हळदकुंकू लावून लाल धागा गुंडाळला होता. धाग्याचं टोक खाली लोंबत होतं, ओलाव्यासाठी ठेवलेल्या परातीतल्या पाण्यात. सगळ्यांनी धागा पाहिला होता. मी सेल बदलले, कांडी बर्फात घातली, पण धाग्याला हात लावला नाही. भाषणात देव मानत नाही म्हणतो मी. तरी पूजेचा धागा सोडावा असं मनातही आलं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "माठाले ओलं फडकं कायले गुंडाळतो आपण?"

खोली तापत होती आणि ओल्या धाग्यातली कांडी गार राहत होती. कांडी गार म्हणून पुष्पाबाई उबेसाठी बल्ब पेटवत होती, खिडक्या लावून घेत होती. बर्फाच्या पाण्यात सगळंच ओलं, तिथं धाग्यानं काही बिघडत नव्हतं. तिनं धागा सोडला, कांडी पदरानं कोरडी केली. आकडा तेहतिसावर गेला.

दारातून हे पाहणाऱ्या धनंजयनं आत येऊन दार लोटून घेतलं. "बाई, चूप राहा. भाऊ म्हणतेत तसं मशीनवर ढकलू. नवी भेटन, तुमचंही काम वाचन."

"आन् नव्या मशीनची पूजा कोन करन? मीच ना? मंग पुढची अंडीही अशीच मारू?"

तिनं दार उघडलं. ओसरीवर उत्पादक बसले होते. "मी झोपली नाही," ती म्हणाली, "पण अंडी माह्याच हातानं गेली." आणि धागा त्यांच्यापुढे धरला.

डोमानं तो बोटांत फिरवून पाहिला. "म्या बी कुऱ्हाडीले बांधला होता," तो म्हणाला. "कुऱ्हाड आकडा सांगत नाही, म्हणून निभलं."

मीटिंगमध्ये डोमाच आधी उठला. "हिले काढून दुसरी आणान, ते चुकली तं सांगन काय?" पुष्पाबाई कामावर राहिली.

पुढच्या अंड्यांतून अळ्या निघाल्या. कांडी आता कोरडी लटकते. धागा तिनं भिंतीवरच्या खिळ्याला बांधला आहे.

माझ्या पत्रकांचा गठ्ठा पडूनच होता. तिनं एक उचलून उलटून पाहिलं. "मागून कोरा हाये, भाऊ. अन् कागद जाड. अंड्यांचे डबे बनवू."

या वेळी मला राग आला नाही. कात्री मीच आणली.