बारा जणांना सलाम

माझी पत्नी मंगळवारी गेली. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरून चहा आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा नर्सने माझ्या हातातला थर्मास घेतला.

पुढचे चार महिने मी पेणच्या घरात वाचत बसलो. जन्मभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, त्यामुळे पुस्तक हातात धरायची सवय सुटली नव्हती. पान मात्र उलटत नव्हतं. एका शुक्रवारी दुपारी गॅसचा ग्राहक क्रमांक शोधायला तिचा संगणक उघडला आणि तिच्या मेलमध्ये न उघडलेली एकोणीस पत्रं दिसली. सगळी तिच्या धाकट्या बहिणीची, रोह्याहून आलेली. सगळी ती गेल्यानंतरची.

पहिलं उघडलं. खांद्यावर मेंढरू घेतलेला येशू, भोवती लुकलुकणारे गुलाब. खाली मजकूर: बारा शिष्यांची आठवण म्हणून हे बारा जणांना पाठवा. चार दिवसांत आनंदाची बातमी येईल. साखळी तोडलीत तर जवळचं माणूस गमवाल. बाकीची अठराही थोड्याफार फरकाने अशीच.

गेलेल्या माणसाला मरणाची धमकी. मला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच, आणि चांगलं मोठ्याने. अंगणात पोह्याचे पापड वाळत घालणारी शेजारीण खिडकीतून डोकावली आणि मी ठीक आहे असं पाहून परत पापडांकडे वळली.

हसू ओसरल्यावर मात्र वाटलं, मेहुणी असं का करत असेल? ती एमआयडीसीतल्या कंपनीत गेटपास बनवते, चार जणांना शहाणपण शिकवते. मी पत्नीने पाठवलेली जुनी पत्रं चाळली, त्यातलं एक कागदावर उतरवून घेतलं आणि शनिवारी सकाळच्या गाडीने रोहा गाठलं.

"भावजी, खरं सांगू?" चहा ठेवता ठेवता मेहुणी म्हणाली. "माझे बारा पत्ते भरतच नायत. अकराच होतात. मग ताईचा घालते."

"ताई उघडणार नाही, हे ठाऊक आहे ना?"

"मला ठाऊक हाय. त्या मेलला कुठं ठाऊक हाय?"

"आणि त्या अकरांत कोण कोण आहे?"

"चर्चचे पाळकसाहेब पहिले. ते पुढे पाठवतात हो, भावजी. मला पोच येते."

आम्ही दोघंही हसलो. मग तिने चहात साखर घातली, ढवळली आणि पुन्हा घातली.

"ताई जायच्या आधीच्या शुक्रवारी हाच मेल आला होता," ती म्हणाली. "हाच, मेंढरावाला. माझी शिफ्ट होती, नाय पाठवला. मंगळवारी ताई गेली. चार दिवस झाले. मोजा तुम्ही." मग म्हणाली, "तेव्हापास्नं चर्चात प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढं जात नाय मी. मागं बसते. हात पुढं करायला होत नाय."

वाटेत मी पुष्कळ युक्तिवाद जुळवून आणले होते. ते तसेच राहू दिले आणि कागद उलगडून वाचला. तिच्या ताईने महिला मंडळातल्या एका मैत्रिणीला सात वर्षांपूर्वी लिहिलेलं उत्तर होतं ते.

"तुझं मेंढरू पोचलं. गुलाब छान आहेत. पण मी हे पुढे पाठवत नाही, रागावू नकोस. बायबलातले प्रेषितही आपली पत्रं एका गावच्या मंडळीकडून दुसऱ्या गावच्या मंडळीकडे द्यायला सांगायचे. पण ते वर स्वतःचं नाव घालायचे आणि खाली एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगायचे. ह्याच्या वर नाव नाही, खाली सलाम नाही. आपला देव निनावी चिठ्ठ्या टाकून घाबरवणारा नव्हे गो. तुझ्या यादीतले अकरा पत्ते मात्र मी ठेवून घेतलेत. त्यांना सलाम लिहिते."

मेहुणीने कागद माझ्या हातातून घेतला. "हेच मेंढरू?"

"हेच. सात वर्षांपूर्वी तिने तोडलेली साखळी."

"मग तेव्हा कोण गेलं?"

"कोणी नाही. त्या महिन्यात तुला मुलगी झाली."

तिने बोटांवर वर्षं मोजली. मग आतल्या खोलीत गृहपाठ करत बसलेल्या मुलीकडे बघितलं. ओठ मिटून ठेवायचा प्रयत्न केला, पण हसू फुटलंच.

"भावजी, सही नसलेला एक ट्रक मी गेटाबाहेर सोडत नाय. साहेबाचा असला तरी नाय. आणि हे बिनसहीचं मेंढरू एकोणीस वेळा सोडलं."

"ट्रक असता तर नोकरी गेली असती."

"गप बसा तुम्ही," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मी रात्री तिथेच राहिलो. रविवारी चर्चमध्ये भक्तीला आम्ही मागच्याच बाकावर बसलो. प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा ती माझ्या आधी उठली, पुढे गेली आणि दोन्ही हात पुढे केले. भक्ती संपल्यावर दारात नेहमीसारखे सगळे एकमेकांना सलाम करत होते. पाळकसाहेब समोर येताच ती म्हणाली, "सलाम, पाळकसाहेब. उद्यापास्नं मेंढरू बंद." त्यांनी खाली बघितलं. मग तेही हसले. म्हणाले, "बरं झालं, बाई. मला तर पत्ते पुरत नव्हते."

आता दर रविवारी संध्याकाळी रोह्याहून एक पत्र येतं. वर मेहुणीचं नाव असतं. मधे मुलीची शाळा, शिफ्ट, कुंडलिका नदीचं पाणी किती चढलं ते असतं. खाली बारा जणांना नावाने सलाम असतो. बारावा ताईला. ताईचा पत्ता मी बंद केलेला नाही. तिथे आलेलं पत्र मी उघडतो आणि माझ्या नावाने उत्तर देतो.