वजिराचं घर

आमच्या बुद्धिबळ क्लबच्या जुन्या वहीत, जिल्हा संघाच्या निवडीच्या डावापुढं, ‘काळे विजयी’ अशी नोंद आहे. अक्षर माझंच आहे आणि काळी मोहरीही माझीच होती. आता फार वेळ बसून लिहवत नाही, म्हणून आधीच सांगतो. तो डाव मी जिंकलेला नाही.

समोर पिशोरचे एक शेतकरी होते, माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दर रविवारी एसटीनं उस्मानपुऱ्यातल्या आमच्या क्लबात खेळायला यायचे. त्यांचं सगळं शिक्षण गावच्या पारावरचं, देशी पद्धतीचं. त्यात प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की त्या घराचं मोहरं होतं. घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. क्लबात त्याच वर्षी नवे नियम आले होते. नव्यात कुठल्याही घरात वजीर घेता येतो. ते सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं.

जिंकेल तो संघात जाणार होता. एकदा जिल्ह्याकडून खेळलो की सुटलो, असं दादा म्हणायचे. माझ्यापुढं अजून पुष्कळ वर्षं होती.

डाव दादांच्या बाजूनं झुकला होता. त्यांचं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं, तेव्हा पंच चहाला गेले होते. दादांनी हात थांबवला आणि हळू विचारलं, “भाऊ, नव्यात बी घोडाच घ्यावा लागतो का?”

मी पटावरून नजर काढली नाही. “हो,” म्हणालो.

त्यांनी घोडा ठेवला. वजीर ठेवला असता तर मी दोन चालींत संपलो असतो. नंतर माझं प्यादं पुढं सरकलं. ते मी मुद्दाम एक मोहरं मारून वजिराच्या उभ्या रांगेत नेलं, कारण त्या घरात जुन्या नियमानंही वजीरच होतो. दादांनी हार मानून राजा आडवा केला. लई सुरेख खेळलात, म्हणाले.

महिन्याभरानं त्यांनी शेजारच्या पटावर उंटाच्या घरात वजीर बसताना पाहिला. मग माझ्याकडं आले.

“तवा तुम्हाला बी ठाऊक नसंल.”

“नव्हतं, दादा,” मी म्हणालो.

नियम शिकवायचं काम कुणाकडं होतं, ते त्यांना माहीत होतं.

त्यानंतरही ते दर रविवारी यायचे, माझ्यासमोर बसून खेळायचे. नियमाची शंका आली की उठायचे आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन विचारून यायचे.