दिनानाथरावांचा पूजेतला पासपोर्ट

आमच्या नेरुळच्या सोसायटीत परदेशाबद्दल कुणालाही शंका आली की ती दिनानाथ कारखानिसांकडे जायची. गृहस्थ समुद्रावर उरणला नेणाऱ्या मोऱ्याच्या लाँचपलीकडे कधी गेले नव्हते, पण पासपोर्ट बाळगून होते. दर दसऱ्याला तो पाटावर मांडायचा, झेंडूचं फूल वाहायचं आणि कपाटात ठेवून द्यायचा. उघडून मात्र कधी बघायचा नाही.

त्याच्याच बाजूला त्यांच्या बायकोचा, जयमालावहिनींचा, पासपोर्ट असे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव निघालं, म्हणून तो वर्षभर उशिरा आला होता. "हिच्यापायी वर्ष फुकट गेलं," हे दिनानाथराव येईल त्याला ऐकवत. वहिनी चहा ठेवत. मला मात्र त्या माणसाची चीड यायची.

सत्त्याण्णव साली त्यांची लेक अस्मिता सिंगापुरात बाळंत व्हायची होती. पहिलीच खेप, सासू हयात नाही. वहिनींचा जीव तिकडेच लागलेला.

तिकीटवाला म्हणाला, "काका, पासपोर्टची मुदत पुढे सहा महिने तरी पाहिजे. बघून घ्या."

"मुलगी तिथली पर्मनंट रेसिडेंट हाय. आमी घरचीच माणसं!" दिनानाथराव गरजले.

सोसायटीने दोघांना हार घातले. विमानतळावर मी प्रवेशाचं तिकीट काढून आतपर्यंत सोडायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने दिनानाथरावांचा पासपोर्ट उघडला. चारच महिने उरले होते.

"आमी दोन महिन्यांत परत येणार! आणि मुलगी तिथली..."

"ती सवलत मुलीला, काका. तुम्हाला नाही."

"चल जयमाला, घरी. नवीन काढू, मग दोघं जाऊ."

तोवर बाळ रांगायला लागलं असतं. वहिनींनी आपला पासपोर्ट पुढे सरकवला. "माझा चालेल का हो?"

"चालेल की. तुमच्याला वर्षभर जास्त मुदत आहे."

"अगं, एकटी? तुला वाशीचं मार्केट सापडत नाही!"

"तुमीच नेत नव्हता. आणि फुकट गेलेलं वर्ष सापडलं बघा." नवऱ्याच्या हातातून डिंकाच्या लाडवांची पिशवी घेऊन वहिनी चालू लागल्या. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

परत आल्यावर गेटपाशी सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा गळ्यातला हार न काढताच दिनानाथराव म्हणाले, "तिला पुढे पाठवलंय."

त्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो. त्यांचा पासपोर्ट कचेरीत अडकलेला, वहिनींचा सिंगापुरात नातीपाशी. दिनानाथराव झेंडूचं फूल हातात धरून रिकाम्या पाटासमोर बसले होते.