दोन्ही ओठ दुमडून

पूनम सागर वसाहतीच्या वळणावर रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि माझं तोंड त्याच्या सीटमागच्या लोखंडी दांडीवर आपटलं. वरचे पुढचे दोन दात गेले. एक हातात आला, दुसऱ्याचा तुकडा हिरडीतच राहिला. "मॅडम, कुत्ता आ गया था," तो परत परत सांगत होता. मी जिभेने ती रिकामी जागा चाचपत होते. डोक्यात एकच: आता क्लॅरिनेट टेकवायचं कुठे?

क्लॅरिनेट तोंडात धरताना खालचा ओठ दातांवर दुमडतात आणि वरचे दात थेट वाद्यावर टेकतात. पंचवीस वर्षं मी असंच वाजवत आले होते. हॉटेलांत, क्लबांत, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये. जॅझ हेच माझं काम. आणि दहा आठवड्यांनी माझ्या स्वतःच्या पाच रचनांचा कार्यक्रम होता. संगीतकार म्हणून पहिलाच.

डेंटिस्टने हिरडी शिवली. "सध्या काढता-घालता येणारे दात देतो. दिसण्यापुरते. त्यांच्यावर जोर द्यायचा नाही."

"आणि वाजवणं?"

"हे वर्ष विसरा. पियानो वगैरे येत असेल ना?"

"येतो. पण मी पियानोवाली नाही."

आमच्या ग्रुपमध्ये पियानो वाजवणारा माझा जुना मित्र. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "तू पहिल्या रांगेत बस आणि ऐक. तुझा भाग सॅक्सोफोनवर घेऊ. लोकांना फरक नाही कळणार."

"मला कळेल."

"हट्ट करू नकोस. चौथ्या रचनेतला तो वरचा सूर तर दात असतानाही तुला जड जायचा."

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला संताप आला. "तो सूर मी लिहिलाय. मीच वाजवणार. सॅक्सोफोनवाल्याला तसं कळव."

फोन ठेवला खरा, पण क्लॅरिनेट वाजेना. नवे दात जागेवरून हलत, फटीतून हवा फसफसत बाहेर जाई. चौथ्या दिवशी मी क्लॅरिनेट पलंगावर टाकलं आणि तोंड फिरवून बसले.

बाबा दारात उभे होते. रत्नागिरीहून भाईंदरला आलेला माणूस, चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला. मला पहिला सूर त्यांनीच शिकवला. पण मी जॅझकडे वळले ते त्यांना कधी पटलं नाही. एकाच घरात राहून माझं वाजवणं सुरू झालं की ते खाली चक्कर मारायला जात.

"ते दात काढ," ते म्हणाले. "आणि वरचा ओठ पण दुमड. दोन्ही ओठांवर घे."

"असं वाजतं?"

"आमचा उस्ताद साफ बोळका होता. शेवटपर्यंत वाजवलं त्याने."

"मग मला आधीच का नाही शिकवलंत?"

"तुला दात होते."

पहिल्या दिवशी अर्धं मिनिट टिकले. वरचा ओठ आतून सोलवटला, रक्त आलं. मी मऊ भात खायचे, ओठांना खोबरेल लावायचे आणि पुन्हा बसायचे. बाबा समोर खुर्ची टाकून बसत. इतकी वर्षं जे ऐकायचं टाळलं, ते त्यांना रोज सकाळी ऐकावं लागलं.

"इथे ठोका का सोडलास?"

"मुद्दाम चुकवलाय, बाबा. तसाच लिहिलाय."

त्यांनी रचनेचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "चुकवायचा तर ठणकावून चुकव. घाबरत चुकवलास तर चूकच वाटते."

माझ्या संगीताबद्दल इतकं कामाचं कुणी बोललं नव्हतं. मी त्या कागदावरचा तो ठोका खोडून आणखी पुढे ढकलला.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दात डबीत काढून ठेवले आणि तशीच स्टेजवर निघाले. पियानोवाला विंगेत म्हणाला, "अगं, दात?"

"आत राहिले. त्यांचं इथे काम नाही."

तीन रचना नीट गेल्या. चौथीतला वरचा सूर मात्र आला आणि मधूनच चिरला. सगळ्यांना ऐकू गेलं. खालच्या सुरावर उतरायची वाट समोर होती. मी उतरले नाही. तोच सूर पुन्हा घेतला, आधीपेक्षा मोठ्याने. पुन्हा चिरला. पियानोवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे न जाता तिथेच थांबून राहिला. तिसऱ्यांदा सूर लागला, आणि श्वास संपेपर्यंत मी तो सोडला नाही.

टाळ्या झाल्या. बाबांनी वाजवल्या की नाही, मला दिसलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पाचवीत घाई केलीस." केली होती.

वर्षभराने कायमचे दात बसले. "आता वाजवा पूर्वीसारखं," डेंटिस्ट म्हणाला. एक दिवस वाजवून पाहिलं. आवाज चकचकीत आला, अगदी जुना. मला तो परका वाटला. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा दोन्ही ओठांवर आले.

हा आवाज जाड आहे, काळपट आहे. एका आयोजकाने तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुमचा पहिला टोन ज्यादा ब्राइट होता. तो नाही होणार का?"

"तो हवा असेल तर जुनं रेकॉर्डिंग लावा," मी म्हटलं. "मला बोलावलंत तर हाच मिळेल."

त्याने नाही बोलावलं. तेव्हा माझी सहावी रचना अर्धी झाली होती. त्या आठवड्यात मी ती पूर्ण केली.